फी नंतर विचार, आधी तास मोज

पोरी, परवा फोनवर तू पहिलाच प्रश्न टाकलास: "मावशी, लोणावळ्याच्या त्या शिबिराची फी माणशी आठ हजार आहे, दोघांचे सोळा होतात. काही कमी करून मिळेल का?" मी म्हटलं, उद्या सांगते. कमी करून मिळेलही. पण शिबिर नक्की कशासाठी हवंय, हे तू मला सांगितलं नाहीस, आणि मला वाटतं तुझंही ते ठरलेलं नाही. म्हणून फोनवर न बोलता लिहूनच काढते. बत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर फळ्यावर लिहिल्याशिवाय गोष्ट समजावून सांगितली असं वाटत नाही बघ.

एक वही घे. मेचा महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा धरला तर साधारण ६ आठवडे शाळा बंद. तू दुकानात दहाला जातेस, सहाला येतेस. जावईबापूंची चाकणची पाळी दर आठवड्याला फिरते. पहिली पाळी असेल तेव्हा ते चारपर्यंत घरी येतात, दुसरी असेल तेव्हा दुपारपर्यंत घरी असतात. रात्रपाळीला दिवसभर घरीच, पण तो दिवस मोकळा धरू नकोस. झोपलेला माणूस राखण करत नाही. आता प्रत्येक आठवड्यासमोर फक्त एवढंच लिही की सासूबाई सोडल्या तर पोरांपाशी जागं, मोठं माणूस कोणीच नाही असे तास किती. मी अंदाजाने मांडलं तर आठवड्याला २५ आले. ६ आठवड्यांचे १५०.

आता शिबिराकडे बघ. समज, तुमच्या तळेगावातलंच एखादं दिवसाचं शिबिर घेतलं. फी ३००० रुपये, ६ दिवस, रोज ३ तास. म्हणजे १८ तास. तासाला जवळजवळ १६७ रुपये पडले आणि १५० तासांतले १३२ तसेच उरले. लोणावळ्याच्या निवासी शिबिरात सोळा हजार घातलेस तर एक आठवडा झकास जाईल, आणि उरलेले पाच आठवडे पोरं सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर आणि मोबाइलवर. तुझा पैसा एका आठवड्याचा नाही, सहा आठवड्यांचा आहे. तो सहा आठवड्यांवर पसरायचा. प्रत्येक पोरासाठी एखादी विकतची हौस असू दे, थोरलीला खरंच गिर्यारोहण शिकायचं असेल तर शिकू दे. पण बाकीचं सगळं स्वस्ताचं आणि घरचं असायला हवं.

स्वस्ताचं कुठे मिळतं ते सांगते. जाहिरातीत दिसत नाही, विचारावं लागतं, आणि मार्चमध्ये विचारावं लागतं. एप्रिलच्या शेवटी विचारणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं.

सगळ्यात आधी जावईबापूंचं पगारपत्रक काढ. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधी म्हणून एक बारीकशी कपात असते. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. हे मंडळ १९५३ पासून आहे, आणि कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या केंद्रांमध्ये नाममात्र फीत उन्हाळी वर्ग, छंदवर्ग, वाचनालय असं काही ना काही चालू असतं. पिंपरी-चिंचवडकडे त्यांची केंद्रं आहेत. लोक वर्षानुवर्षं पैसे भरतात आणि केंद्राची पायरी चढत नाहीत. कंपनीच्या मनुष्यबळ खात्यात एक फोन करायला सांग, जवळचं केंद्र कोणतं आणि यंदा काय आहे ते कळेल. ही मेहरबानी नाही, आपलेच पैसे आहेत.

दुसरं, शाळा. खुद्द शाळा शिबिर घेत नसेल, तरी क्रीडाशिक्षकांना सगळं ठाऊक असतं. जिल्हा क्रीडा कार्यालयाची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरं, तालमीतले वस्ताद, कबड्डीचं मंडळ, सगळ्यांशी त्यांचं जाणं-येणं असतं. सकाळी सहा ते आठ असा कबड्डीचा किंवा खो-खोचा सराव महिनाभर चालतो आणि त्याला फारसे पैसे पडत नाहीत. त्याने तुझे दहा ते सहाचे तास भरणार नाहीत हे खरं. पण सकाळी दोन तास धावलेलं पोर दुपारी भांडत नाही, निवांत पडून राहतं. याची किंमत वहीत लिहिता येत नाही, सासूबाईंना विचार.

तिसरं, गावचं सार्वजनिक वाचनालय. बालविभागाची वर्गणी चहाच्या चार कपांइतकी असते. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. मोबाइल हातात द्यायचाच असेल तर त्यासाठी दे.

वारकरी बालसंस्कार शिबिरांचंही तू विचारलं होतंस. देहू-आळंदीच्या पट्ट्यात आणि आपल्या मावळातल्या गावांतही मे महिन्यात ती भरतात. अभंग, हरिपाठ, पावल्या, मृदंग, पहाटे उठणं, पंगतीत जेवणं. फी नसते किंवा अगदी थोडी असते, शिधा न्यायचा असतो. तुझ्या धाकट्याचा आवाज चांगला आहे, त्याला मृदंगाचं वेड लागेल. पण स्वस्त आहे, देवाचं आहे म्हणून चौकशी सोडायची नाही. निवासी म्हटलं की मी देवालाही चार प्रश्न विचारते. ते पुढे सांगते.

थोरली अजून सहावीत आहे, म्हणून आत्ता नाही, पण लक्षात ठेव. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. तिथे १९९३ पासून आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळी उपक्रम चालत आला आहे. शाळेने निवडलेली मुलं एक आठवडा एकेका शास्त्रज्ञाबरोबर घालवतात. मुलांकडून फी घेत नाहीत. नावं शाळेकडून जातात, म्हणून मुख्याध्यापकांना त्याची आठवण आधीच करून द्यावी लागते. त्याच आयुकातून अरविंद गुप्तांनी काडेपेटी, रिफिल, सायकलच्या नळीचे तुकडे असल्या भंगारातून खेळणी करायला शिकवली. त्यांच्या खेळण्यांची चित्रं आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. एका रद्दीच्या पिशवीत दोन आठवडे निघतात.

राष्ट्र सेवा दल, स्काउट-गाइड, यूथ हॉस्टेल्स असोसिएशन यांची शिबिरंही व्यापारी शिबिरांपेक्षा बरीच स्वस्त असतात. तिथे गादी मऊ नसते, ताट स्वतः घासावं लागतं. मला विचारशील तर तेच शिबिर.

आता जे विकत घेशील त्याबद्दल. माझ्या मुलाला मी एकदा अशाच एका निवासी शिबिराला धाडलं होतं. पत्रकावर 'सर्व खर्च समाविष्ट' असं ठळक छापलेलं. गेल्यावर बसचं भाडं वेगळं, टोपी-सदऱ्याचा संच सक्तीचा, आणि शेवटच्या दिवशी फोटोच्या चौकटीचे पैसे. पोर रडवेलं होऊन म्हणालं, सगळ्यांनी घेतलाय. घेतला बाई. तेव्हापासून मी एकच वाक्य विचारते: "घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत माझ्या खिशातून आणखी काय काय जाईल, ते लिहून द्या." लिहून द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे जायचं नाही. पोर आजारी पडलं तर किती पैसे परत, तेही त्याच कागदावर. पैसे क्यूआरवर टाकलेस तरी संस्थेच्या नावाची पावती घे, एखाद्या 'दादा'च्या खासगी खात्यात टाकू नकोस.

घासाघीस करायला लाजू नकोस, पण ती हजार-पाचशेची करू नकोस. भावंडांची सवलत माग. अर्धाच आठवडा चालेल का विचार. आणि सगळ्यात चांगला सौदा हा की, "मला दोन दिवस सुटी आहे, मी स्वयंपाकघरात किंवा मुलांवर लक्ष द्यायला येते, एका पोराची फी माफ करा." भल्या माणसांच्या शिबिराला हातांची नेहमीच गरज असते. शिवाय दोन दिवस आत राहिलीस की सगळं डोळ्यांनी दिसतं.

लोणावळ्याचं शिबिर असेल तर सोमवार ते शुक्रवार असलेलंच बघ. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी गाव असं तुंबतं की मुलांची बस दोन तास उन्हात उभी. शनिवारी पोचवायचं आणि रविवारी आणायचं असेल तर तुमचा रिक्षाखर्च आणि डोकेदुखी फीमध्ये धर.

आणि आता ते चार प्रश्न. इथे एक रुपयाही वाचवायचा नाही.

रात्री मुलींजवळ कोण झोपतं, मुलांजवळ कोण झोपतं? नाव सांगा, भेटवा. "आमचे स्वयंसेवक असतात" हे उत्तर नव्हे. माझा हिशेब दहा मुलांमागे एक जाणतं माणूस असा आहे आणि एकटं पोर एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत, कोणत्याही कारणाने, नाही. जाण्याआधी पोरांकडून १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घे. आणि सांग, की तुला घरी यायचं असेल तर मधूनच आणीन, पैसे गेले तरी. हे ऐकलेलं पोर घाबरून गप्प राहत नाही.

दोर, कडा, झिपलाइन, नाव यांपैकी काही असेल तर पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी दाखवा म्हणायचं. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण केलं, तेव्हापासून अशी नोंदणी सक्तीची आहे. कागद दाखवणारा रागावत नाही. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची मुलं दरीत पडलेल्यांना वर काढतात, त्यांच्यापैकी कोणी ओळखीचं असेल तर खासगीत विचार, की अमक्याचा दोर कसा आहे. त्यांना कोणाचं पाणी किती खोल ते माहीत असतं.

पाण्यावरून आठवलं. पवनेच्या काठावर आता तंबूच तंबू झालेत. शनिवारी रात्री तिथे गाणी, शेकोट्या आणि बाटल्या. तीच जागा सोमवारी 'मुलांचं निसर्ग शिबिर' होते. जागेला दोष नाही, पण धरणाचा काठ पोहायचा तलाव नव्हे. गाळ असतो, तळ एकदम खोल जातो, आणि पट्टीचे पोहणारेही तिथे बुडालेत. पत्रकात 'जलक्रीडा' असेल आणि प्रत्येक पोराला जीवरक्षक जॅकेट नसेल तर नाव काढून घे. इंद्रायणीच्या डोहांनाही हाच नियम.

चौथा प्रश्न साधा आहे. जवळचा दवाखाना कोणता आणि रात्री गाडी कोणाची? राजमाचीसारख्या ठिकाणी तंबू ठोकणाऱ्यांना तर आधी हाच विचार. काजवे दाखवतो म्हणून लोक मेच्या शेवटी तिकडे गर्दी करतात, गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसत नाहीत ते वेगळंच. तुला काजवेच दाखवायचे असतील तर नाणे मावळातल्या तुझ्या जावेच्या गावाबाहेर अंधारात उभी राहा.

एवढं करूनही १५० तासांतले निम्मे उरतील. त्यांच्यासाठी माझा खरा मंत्र.

तुमच्या तळेगावात १९०८ साली काचेचा कारखाना निघाला, तो पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैशापैशातून भट्टी पेटली. आमचे वडील हे सांगताना नेहमी एक पैसा तर्जनीवर ठेवून दाखवत. मी कामशेतजवळच्या शाळेत होते तेव्हा सुटीत हीच युक्ती केली, फक्त पैशाऐवजी दिवस मागितला. पाच घरं, आठवड्याचे पाच दिवस. प्रत्येक घराने एक दिवस पोरं सांभाळायची. म्हणजे एक दिवस द्यायचा आणि चार दिवस मिळवायचे. वही काढून बघ, यापेक्षा स्वस्त शिबिर कुठे मिळतंय का.

तू म्हणशील, मला दुकान आहे. मग तुझा दिवस जावईबापूंच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी ठेव, किंवा तुझ्या साप्ताहिक सुटीला. ज्यांना दिवस देताच येत नाही त्यांनी रोजचा खाऊ द्यावा, पोहे-चुरमुरे, काकडी, ताक. पण फुकट कोणी नाही. फुकट म्हटलं की दुसऱ्या आठवड्यात कुरबुर सुरू होते, मी पाहिलंय.

प्रत्येक घराने आपल्याला येतं तेच शिकवायचं. इथेच लोक चुकतात आणि चित्रकलेचे कागद विकत आणतात. आमच्या वेळी एकाचे वडील गवंडी होते. त्यांनी पोरांकडून ओळंबा धरवला, चार विटांची चूल बांधून घेतली. ती चूल पुढे तीन वर्षं शाळेत होती. एक आजी कुरडया घालत, पोरांनी गव्हाचा चीक ढवळला आणि निम्मा तिथेच खाल्ला. एका काकांनी रिक्षाचं इंजिन उघडून दाखवलं. शिंपीणबाईंनी मुलग्यांना बटण लावायला शिकवलं, ते आज त्यांच्या बायकांना उपयोगी पडतंय. तुमच्या इमारतीत विचार, कोण काय करतं. एखादा बँकवाला असेल, त्याने पासबुक कसं वाचायचं ते सांगावं. सासूबाईंना खुर्चीवर बसून सागरगोटे आणि सारीपाट शिकवता येईल, गुडघे मध्ये येत नाहीत.

नियम मात्र कडक. एका दिवशी आठच्या वर पोरं नाहीत. पोराला कोण नेईल त्याचं नाव सकाळीच सांगायचं, दुसरं कोणी आलं तर सोडायचं नाही, मामा असला तरी. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला दम लागतो, हे भिंतीवर लिहून लावायचं. दुपारी बारा ते चार उन्हात नाही. भांडण झालं तर त्या दिवशीच्या घराचा शब्द शेवटचा, आयांनी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर खटला चालवायचा नाही.

आठवड्यातून एकदा बाहेर न्या. मावळात राहून पोरांना मॉलमध्ये नेणाऱ्या आईबापांचं मला नवल वाटतं. तळेगावाहून लोकल धरली की दोन आकडी रुपयांत मळवली. पाचखालच्या पोराला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. मळवलीहून चालत भाज्याची लेणी. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट, पैसे फक्त तुमचे. भाज्याला एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवताना कोरलीय, ती कुठे आहे हे सांगू नकोस, शोधू दे. दुसऱ्या वेळी कार्ले. चैत्यगृहात शिरल्यावर पोरांना खांब मोजायला लाव, ३७ आहेत, पण पहिल्या फेरीत कोणाचेही ३७ भरत नाहीत, कारण स्तूपामागचे साधे खांब राहून जातात. वर छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या. परतीच्या लोकलची वेळ निघण्याआधी बघ, भरदुपारी गाड्यांना मोठा खाडा असतो. एसटीने जाणार असाल तर बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि पाच ते बाराच्या पोरांनाही अर्धं, म्हणून न्यायला आयाच जास्त घ्या.

वडगावला भात संशोधन केंद्र आहे. रोज जेवतो तो इंद्रायणी तांदूळ तिथलाच, १९८७ चा, आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला. आधी फोन करून पाचसहा पोरांना आणू का विचारायचं. घरी आल्यावर दोन जातींचे तांदूळ शिजवून वासावरून ओळखायची पैज लावायची. आणि थोरलीला गोनीदांचं 'पवनाकाठचा धोंडी' वाचून दाखव, रोज रात्री थोडं थोडं. गोनीदा तुमच्या तळेगावचेच. पुस्तक संपलं की तिला तुंग गडाच्या पायथ्याला ने. गडावर पहाटेच चढायचं, उन्हाळ्यात आठनंतर नाही.

राहिलं मामाचं गाव. तुझ्या भावाकडे पंधरा दिवस पाठवणार आहेस, वहीत त्याच्यासमोर शून्य लिहिलंयस ना? खोड ते. तुझी वहिनी चार जास्तीची ताटं वाढते, कपडे धुते, रात्री पोराला ताप आला तर जागते. पोरांबरोबर दहा किलो तांदूळ आणि तिच्यासाठी साडी नाही तर रोख पाठव. दिवाळीत तिची दोन्ही पोरं तुझ्याकडे बोलाव, तेही पंधरा दिवस, आणि ती तिच्या माहेरी जाईल अशा बेताने. मग ती दरवर्षी स्वतःहून विचारेल, कधी पाठवताय.

रविवारी सकाळच्या लोकलने ये, वही आण. पोरांना टोप्या घाल. कामशेतला ठाकरांच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायला लागल्या की मी घेऊन ठेवीन, पण अजून मार्च आहे, आत्ता फक्त चिंचा मिळतील.